सुपारी आणि लवंग यांचे पासपोर्ट

१

बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता मी फाइल उघडली, आणि मांजरांचे पासपोर्ट तिच्यात नव्हते.

फाइल माझ्या ताब्यात होती. सांगलीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर, पत्नी गेल्यावर, मुलीकडे दुबईला आलो. इंटरनॅशनल सिटीतल्या या दोन खोल्यांत माझा उपयोग असा फारसा नव्हता. त्यामुळे मृणालिनी जेव्हा म्हणाली, "बाबा, प्रवासाची सगळी कागदपत्रं तुम्ही सांभाळा," तेव्हा मला बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं.

प्रवास चार महिन्यांचा होता. मृणालिनी आणि जावई निनाद यांनी एक जुनी मोटरहोम घेतली होती. आत झोपायला, शिजवायला, बसायला जागा असलेली ती गाडी घेऊन सौदी, तिथून जॉर्डन आणि परत. बरोबर बारा वर्षांची नात इरा, मी, आणि दोन मांजरं. करडी, जाडी ती सुपारी. काळी, बारीक ती लवंग. एकतीस वर्षं मी मुलांना नकाशे काढून दिले आणि स्वतः कोल्हापूरच्या पुढे क्वचित गेलो, हे मृणालिनीच्या मनात होतं. ती बोलून दाखवत नसे.

माणसाला सीमा ओलांडायला एक पुस्तिका आणि व्हिसा पुरतो. मांजराला मानेत चिप लागते, मग रेबीजची लस, मग महिनाभर थांबून रक्ताची तपासणी, मग ठरावीक दिवसांत काढलेला आरोग्य दाखला आणि पुढच्या देशाची परवानगी. या सगळ्याच्या मुळाशी असते ती निळी पुस्तिका. तिच्यात लशीचे स्टिकर आणि डॉक्टरांची सही, आणि वर ठळक छापलेलं 'पासपोर्ट'. गुरुवारी दहा वाजता दाखल्यासाठी सरकारी पशुवैद्याची वेळ मिळाली होती. नवी पुस्तिका करायची तर सही लस देणाऱ्या डॉक्टरांचीच हवी, आणि ते तीन आठवड्यांच्या रजेवर कैरोला गेलेले. मृणालिनीची रजा रविवारपासून सुरू होत होती आणि ती पुढे सरकणार नव्हती. मांजरांना सोडून जायचं नाही हे तर घरात कधीच ठरलं होतं. म्हणजे पुस्तिका नाहीत, तर प्रवास नाही.

माझ्या यादीवर शनिवारची खूण होती. मांजर पासपोर्ट, दोन. पुढे माझ्याच हातची बरोबरची खूण. पण मागच्या महिन्यात माझा चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता, हेही घरात सगळ्यांना माहीत होतं.

"असू दे बाबा," मृणालिनी म्हणाली. "आठवेल."

तिच्या आवाजात चिडचिड नव्हती. मला त्याचीच भीती वाटली. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरातून तिचा दबका आवाज आला.

"निनाद, ट्रिप कॅन्सल करू या. बाबांना आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला हवं."

मी पाणी न पिताच परत फिरलो.

२

रहस्यकथा मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांतला तपास करणारा माणूस कधी स्वतःवर संशय घेत नाही. मला मात्र पहिला संशय स्वतःचाच आला, म्हणून मी स्वतःचीच जबानी घ्यायची ठरवली. एक वही घेतली आणि शनिवारपासूनचं जे आठवेल ते लिहून काढलं. त्यातलं काही घडलंच नव्हतं असं निघालं असतं, तर मी आपण होऊन डॉक्टरांकडे गेलो असतो.

शनिवारी आम्ही उम्म अल कुवैनला गेलो. तिथल्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये गाडीचं आतलं लाकूडकाम चाललं होतं. सुतार दत्ताराम, कणकवलीकडचा. मी गाडीची पूजा केली. गाडीच्या तोंडासमोर, उघड्या अंगणात. वारा इतका की कापूर तीनदा विझला. चौथ्यांदा दत्तारामनं आपल्या दोन्ही तळव्यांचा आडोसा केला तेव्हा आरती झाली. ताटात आमचे चार पासपोर्ट, गाडीचे कागद आणि मांजरांच्या दोन पुस्तिका ठेवल्या होत्या. सगळ्यांना मी कुंकू लावलं.

दत्तारामनं निळी पुस्तिका उचलून उलटसुलट पाहिली.

"मास्तर, ह्यो मांजरांचो?"

"हो. त्यांनाही लागतो."

"बरां आसा," तो हसत म्हणाला. "मांजरांचो पासपोर्ट मांजरांकडे. माझो बावीस वर्सां कंपनीच्या कपाटात होतो. आता कंपनी बदललंय तेव्हा हातात गावलो. रात्री उशाखाली घेवन निजतंय."

फोरमन नागेश पलीकडून ओरडला, "दत्ताराम, यल्ला, चल, पुराण पुरे." दत्ताराम कामाला लागला. जाताना त्यानं माझा फोन नंबर काचपेपरच्या मागे पेन्सिलीनं लिहून घेतला. कशाला, ते मी विचारलं नाही. अशा वेळी विचारावं हे मला नंतर सुचतं.

पूजेनंतर निनादनं आमचे चार पासपोर्ट आपल्या कमरेच्या पाऊचमध्ये टाकले. बाकीचं मी फाइलमध्ये लावलं आणि खुणा केल्या.

वहीत पुढे लिहिलं: 'रविवार. पुन्हा वर्कशॉप. सामान भरलं. फाइल आणि मांजरं बरोबर होती. मी गाडीत वाचत बसलो, बहुधा डोळा लागला. सुपारी दुपारभर डाव्या बाकावर उन्हात झोपली. सोमवार. फाइल घरी, कपाटात. संध्याकाळी निनाद गाडी घेऊन आला. मी भाजी निवडत होतो. फोन दोनदा वाजला, अनोळखी नंबर, उचलला नाही. मंगळवार. शेजारच्या मुनिबाजींनी मांजरांना गाडीत नेऊन खायला दिलं, गाडीची सवय व्हावी म्हणून.'

फोनबद्दल थोडं सांगायला हवं. माझा फोन साधा, बटणांचा आहे. अनोळखी नंबर मी उचलत नाही. काय बोलायचं ते सुचेपर्यंत वाजायचा थांबतो, आणि मला सुटल्यासारखं होतं.

वही मिटतो तोच निनाद बाहेरून आला. नागेशशी बोलून आला होता.

"बाबा, तुमची काही चूक नाही," तो म्हणाला. "दत्ताराम काल दुपारच्या फ्लाइटनं गावाला पळालाय. फोन बंद आहे. नागेश म्हणतो, चोर हातचा गेला. मी कंप्लेंट करतोय."

३

खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. दोष माझा नव्हता. दुसऱ्याच क्षणी मला त्या दोन तळव्यांचा आडोसा आठवला, आणि आपल्याला बरं वाटल्याची लाज वाटली.

"संध्याकाळपर्यंत थांबाल का?" मी निनादला विचारलं. जावयाला काही सांगण्याची माझी ही बहुधा दुसरी वेळ.

"ओके. पण पाच वाजेपर्यंत."

"तोवर एक विचारू? तुम्हाला मांजरं न्यायची नव्हती ना?"

तो हसला. "माझ्यावर डाउट? बरोबर आहे. मला शिंका येतात, हे खरं. बोर्डिंगमध्ये ठेवा म्हणून मीच पहिल्यांदा म्हणालो होतो. पण बाबा, मला ट्रिप थांबवायची असती तर मी ब्लड रिपोर्ट नाहीसा केला असता. तो पुन्हा काढायचा म्हणजे महिने जातात. तो आहे ना फाइलमध्ये?"

तो होता. चिपचे दाखलेही होते. घेणाऱ्यानं फक्त दोन निळ्या पुस्तिका घेतल्या होत्या. मी वहीत तेवढंच लिहिलं.

"आणि त्या दत्तारामचं काम तरी धड आहे का," निनाद पुढे म्हणाला. "डाव्या बाकाच्या आत फोल्डिंग खुर्च्या उभ्या बसायला हव्या होत्या. ड्रॉइंगमध्ये अठरा इंच खोली आहे. भरली तेवढी पंधरा. बाहेरून उंची बरोबर, आतून तीन इंच गायब. प्लायवूड वाचवलं, दुसरं काय."

मी तेही लिहिलं. का, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग मुनिबाजींकडे गेलो. त्या लाहोरच्या, आमच्या समोरच्या दारात राहतात. आम्ही सुट्टीला गेलो की मांजरं त्यांच्याकडे असतात. चार महिने मांजरं जाणार म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते. संशय घ्यायचा तर कारण त्यांच्याकडेही होतं. ते विचारायचं कसं हे मला सुचेना, म्हणून दारात उभा राहून मी नुसताच खाकरलो.

"अंकल, पूछ लीजिए," त्या म्हणाल्या. "मृणालिनी ने बताया। मैंने नहीं लिए। लेती तो बिल्लियाँ लेती, किताबें लेकर क्या करूँगी।"

मी ओशाळलो. त्यांनी मला बसवून चहा दिला.

"लेकिन एक बात है," त्या म्हणाल्या. "कल गाड़ी में सुपारी को मैंने बाएँ वाली सीट पर बिठाया, वहीं धूप थी। ऐसे कूदी जैसे तवे पर पैर रख दिया हो। लवंग तो पास भी नहीं गई। और गाड़ी में अब तक आपकी पूजा की खुशबू है, माशाल्ला।"

तपकिरीनं माझं नाक केव्हाच निकामी केलं आहे, त्यामुळे मला कसला वास येण्याचा प्रश्नच नव्हता. मी चहा संपवला, आभार मानले आणि निघालो. जिन्यात पोचल्यावर माझा पाय थबकला.

पूजा गाडीत झालीच नव्हती.

४

इराकडे मी शेवटी गेलो, कारण तिच्यावर संशय घेणं मला सर्वांत जड जात होतं. ती पलंगावर पुस्तक धरून बसली होती आणि पान उलटत नव्हती. एकतीस वर्षं मी वाचनालयात मुलांकडे पाहत आलो आहे. वाचणारं मूल आणि पुस्तकामागे लपलेलं मूल यांतला फरक मला कळतो. माझ्याविषयी मी एवढं एक खात्रीनं सांगू शकतो.

मी तिच्याशेजारी बसलो. काही विचारलं नाही. थोड्या वेळानं तीच बोलली.

"आय डिडन्ट लूज देम, आजोबा. आय जस्ट लेफ्ट देम."

"कुठे?"

"ऑन द टेबल. इन द व्हॅन. संडेला. तुम्ही स्लीप करत होता." पुस्तिकेत मांजराच्या फोटोसाठी चौकोन असतो आणि आमच्या पुस्तिकांत तो रिकामा होता. तिनं दोघींचे फोटो छापून आणले होते, मला सरप्राइज द्यायला. फाइलमधून पुस्तिका काढल्या, फोटो चिकटवले, गोंद वाळायला टेबलावर उघड्या ठेवल्या, आणि निघायची घाई झाली. "मग सगळे म्हणायला लागले की आजोबा फरगेटफुल झालेत. आय वॉज स्केअर्ड. आय ॲम सो सॉरी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती घाबरली. मी रागावलो आहे असं तिला वाटलं असावं. रागावण्यासारखं माझ्यात काही उरलंच नव्हतं. माझी शनिवारची खूण खरी होती. माझं डोकं जागेवर होतं, निदान तेवढ्यापुरतं तरी.

"फोटो छान आले होते का?" मी विचारलं.

"लवंगचा थोडा ब्लर होता."

मी उठलो. आता एकच गोष्ट राहिली होती. निनादला म्हटलं, नागेशकडून दत्तारामचा नंबर घ्या. नंबर आला तसा मी माझा फोन उघडून सोमवारच्या न उचललेल्या दोन फोनांशी ताडून पाहिला.

नंबर एकच होता.

५

पाचला दहा मिनिटं असताना मी सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये गाडीत बोलावलं. मुनिबाजीही आल्या. चार माणसांसमोर बोलायचं म्हणजे माझ्या तोंडाला कोरड पडते. वही उघडून मी तिच्यातूनच वाचायला सुरुवात केली. मुनिबाजींना कळावं म्हणून मृणालिनी हळूच हिंदीत सांगत होती.

"पुस्तिका रविवारपासून या टेबलावर उघड्या होत्या. कशा, ते विचारू नका, त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता." इरानं मान खाली घातली. "सोमवारी या गाडीत काम करणारा माणूस एकच, दत्ताराम. तेव्हा त्या त्यानंच उचलल्या."

"मी तेच म्हणतोय," निनाद म्हणाला.

"पण चोरीसाठी नाही. त्या विकून त्याला काही मिळणार नव्हतं. आणि चोरी केल्यावर कोणी त्याच घरच्या माणसाला फोन करत नाही, तोही दोनदा. त्यानं मला फोन केला होता. मी उचलला नाही."

मृणालिनीनं माझ्याकडे पाहिलं.

"या माणसाचा पासपोर्ट बावीस वर्षं दुसऱ्याच्या कपाटात होता. आता तो उशाखाली घेऊन झोपतो. अशा माणसाला टेबलावर दोन पासपोर्ट उघडे पडलेले दिसले तर तो काय करेल? ते माणसांचे की मांजरांचे, हा फरक आपण करू. तो करणार नाही. तो ते नीट ठेवेल."

"पण कुठे, बाबा?" मृणालिनी म्हणाली. "गाडी दोनदा उलटीपालटी केली आम्ही."

इथे मी अडखळलो. पुढचं चुकलं तर चष्म्याच्या गोष्टीत आणखी एक भर पडणार होती. पण लवंग मुनिबाजींच्या हातातून उतरून उजव्या बाकावर चढली होती आणि डाव्या बाकाकडे नाक आक्रसून पाहत होती. मला तिचा आधार वाटला.

"निनाद, तुम्ही म्हणालात त्यानं प्लायवूड वाचवलं. बाहेरून उंची बरोबर असताना आतली खोली कमी करायची तर फळी कमी लागत नाही. एक जास्त लागते."

निनाद बाकाकडे वळला.

"रविवारी सुपारी याच बाकावर दुपारभर झोपली होती. मंगळवारी ती इथे टेकेना. पूजा बाहेर वाऱ्यात झाली, आणि वास आत येतोय. मला येत नाही, तुम्हाला येतो. कसला वास आहे?"

इरानं बाकाचं झाकण उचललं आणि आत वाकली. "कापूर," ती म्हणाली.

"माझ्या आईच्या ट्रंकेत कापराच्या वड्या असायच्या. कागदांना कसर लागू नये म्हणून. घरातलं मांजर तिच्याजवळ फिरकत नसे. आणि त्या ट्रंकेला खाली चोरकप्पा होता."

निनादनं खुर्च्या बाहेर काढल्या. तळाच्या फळीवर त्यानं हात फिरवला. पहिल्यांदा काही लागलं नाही. मग कोपऱ्यात, बोटाचं टोक जेमतेम जाईल एवढी एक खाच लागली. त्यानं बोट घालून वर ओढलं. फळी आवाज न करता उचलली गेली, इतकी ती नीट बसवली होती.

खाली तीन इंचांची जागा होती. घासून गुळगुळीत केलेली, कडेला निळ्या कापडाची पट्टी लावलेली. कोपऱ्यात फडक्यात बांधलेला कापूर. आणि लाकडात ओळीनं कोरलेले पासपोर्टच्या मापाचे सहा खण.

चार रिकामे होते. उरलेल्या दोनांत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सुपारी आणि लवंग यांचे पासपोर्ट होते. वर माझं कुंकू.

मग निनादनं कमरेचा पाऊच सोडला, आमचे चार पासपोर्ट काढले आणि एकेक करून खणांत बसवले. ते अगदी बरोबर बसले.

"मी त्याला चोर म्हणालो," तो म्हणाला.

"सहा," मुनिबाजी स्वतःशीच म्हणाल्या. "उसने सबको गिना."

६

घरी परतत होतो तेव्हा माझा फोन वाजला. भारतातला अनोळखी नंबर. मी जिन्यातच थांबलो. मी बटण दाबलं.

"मास्तर? दत्ताराम बोलतंय. गावलो मा चोरकप्पो?"

"सापडला," मी म्हणालो. "आत्ताच."

"बरां झालां. मी फोन केललंय दोनदा, तुमी उचलूक नाय. नागेशाक सांगूचा नव्हता. चोरकप्पो चार जणांत सांगूचो नसता, घरातल्या वडीलधाऱ्याक सांगूचो. चेडवाचो साखरपुडो आसा उद्या, अचानक ठरलो, तिकीटही अचानक गावला. हंयसर रेंज नाय, टेकडेर येवन फोन करतंय."

"कुठल्या मुलीचा?"

"एकच आसा. रंजिता." मग तो म्हणाला, "पासपोर्ट उघड्यार होते, मास्तर. माका बघवलां नाय."

एरवी मला फोनवर शब्द सापडत नाहीत. त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. आम्ही त्याच्याविषयी काय विचार केला तेही सांगितलं आणि माफी मागितली. तो हसला.

"असांदे ओ. मांजरांक सांभाळून नेया."

निनादनं फोन माझ्याकडून मागून घेतला आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलला. काय बोलला ते मी ऐकलं नाही. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मांजरांमुळे, असं तो म्हणाला.

गुरुवारी दहाला दाखले झाले. लवंगचा धूसर फोटो पाहून पशुवैद्य बाई हसल्या, पण शिक्का त्यांनी मारला. न्यूरॉलॉजिस्टचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. उलट रात्री जेवताना मृणालिनी म्हणाली, "बाबा, व्हिसाच्या तारखाही तुमच्याच वहीत लिहून ठेवा." मी मान खाली घालून जेवत राहिलो. मला भरून आलं की मी वरणभाताकडे पाहतो.

आम्ही ठरल्या दिवशी निघालो. मुनिबाजींनी मांजरांसाठी उकडलेल्या कोंबडीचा डबा दिला, आणि आम्हाला खजूर. कापूर आम्ही काढून टाकला होता आणि बाक चार दिवस उघडा ठेवला होता. सुपारी आता पुन्हा त्याच्यावर झोपू लागली आहे, आपल्याच पासपोर्टवर.

घुवैफातच्या चौकीवर सौदीकडे जाणाऱ्या गाड्यांची लांब रांग होती. अधिकारी खिडकीशी आला आणि सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. निनादनं सुपारीला उचलून इराच्या मांडीवर दिलं, फळी वर केली आणि सहाच्या सहा बाहेर काढले. अधिकाऱ्यानं पहिले चार पाहिले, निळे दोन पाहिले आणि मग पहिल्यांदाच गाडीच्या आत नजर टाकली.

त्याच वेळी माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उचलला.

पलीकडे एक तरुण मुलगी क्रेडिट कार्ड विकत होती. मी तिचं सगळं ऐकून घेतलं, कार्ड नको म्हणालो, आणि फोन केल्याबद्दल तिचे मनापासून आभार मानले.